हँड स्क्रेपरला धार लावायची आणि हूक वळवायचा, पण आधी कड नीट करा

लाकूड खरवडून गुळगुळीत करायचा हँड स्क्रेपर म्हणजे बघायला गेलं तर स्टीलचा एक आयताकृती पत्रा, ना दांडा ना स्क्रू ना काही, त्यामुळे लोक तो घेतात, लाकडावर दोनचार वेळा घासतात, नुसता भुसा निघतो, अंगठे भाजतात आणि मग तो हत्यारांच्या पेटीत तळाशी जाऊन पडतो तो कायमचाच. पत्र्यात खोट नसते हो, त्याला धारच लावलेली नसते. नवीन स्क्रेपर पाकिटातून निघतो तेव्हा त्याची कड फार तर ढोबळ सरळ केलेली असते, हूक, म्हणजे कडेचं वाकवलेलं कापणारं टोक, बहुतेक वेळा नसतोच, तो आपला आपण वळवायचा असतो, आणि हे आधी कुणी सांगितलं नसेल तर माणसाला वाटतं की हे हत्यारच बेकार आहे.

आणि हे हत्यार बेकार अजिबात नाही. सागाच्या किंवा शिसवाच्या फळीत एक पट्टा असा येतोच की जिथे रेषा, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दिशा, मध्येच उलटी फिरते, रंधा इकडून मारला तरी लाकूड उचकटतं आणि तिकडून मारला तरी उचकटतं, पातं कितीही धारदार असो. गाठीच्या भोवती तर हे हमखास होतं. तिथे नीट धार लावलेला स्क्रेपर इतकी पातळ साल काढतो की ती उजेडाकडे धरली तर आरपार दिसते, आणि खाली जी सरफेस राहते तिच्यावर पॉलिश पेपरचे ओरखडे नसतात, नाकातोंडात जाणारी बारीक धूळही जवळपास नसते. हे एकदा हाताने करून बघितलं की माणूस स्क्रेपर सोडत नाही, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

आधी हे समजून घ्या की इथे धार म्हणजे नेमकं काय. पटाशीला किंवा रंध्याच्या पात्याला उतार असतो आणि त्या उताराच्या टोकाला धार असते. स्क्रेपरला उतार नाही. त्याची कड काटकोनात सपाट करायची, म्हणजे त्या कडेला दोन बाजूंना दोन कोपरे तयार होतात, आणि मग एका कडक गुळगुळीत सळीने त्या कोपऱ्यातलं स्टील किंचित बाहेर दाबून वाकवायचं. ते वाकलेलं टोक म्हणजे हूक, काही जण बर म्हणतात. हा हूक म्हणजे एक अतिशय छोटा रंधाच आहे, तो लाकडात अगदी थोडा शिरतो, साल लगेच वर वळून मोडते, त्यामुळे ती पुढचं लाकूड उचकटत नेत नाही. आता माझं म्हणणं एवढंच आहे की हा हूक त्या कोपऱ्याइतकाच चांगला होतो, त्याहून चांगला कधीच होत नाही. कोपऱ्यावर कानशीचे दाते उमटलेले असतील तर हूकही दातेरी होणार. कोपरा गोल असेल तर हूक वळणारच नाही, वाकवायला तिथे टोकच नाही ना. लोक सगळी ताकद आणि सगळी काळजी शेवटच्या पायरीला, हूक वळवण्यात घालतात, आणि त्याआधीचं काम दोन मिनिटांत उरकतात, तिथेच सगळं बिघडतं.

काय काय लागतं

स्क्रेपर तर लागतोच, साधारण १५० मिमी लांब आणि ६० मिमी रुंद हा नेहमीचा साइज. जाडी ०.४ मिमीपासून १ मिमीपर्यंत मिळते. पहिल्यांदा घेणार असाल तर ०.८ मिमी घ्या, तो वाकतोही आणि थरथरतही नाही. ०.५ वाला फिनिशिंगला छान पण तो पटकन तापतो आणि अंगठ्यांनी जास्त वाकतो, १ मिमीवाला गोंदाचे ओघळ, जुनं वॉर्निश असल्या जाड कामाला बरा. विकतच घ्यायला पाहिजे असंही नाही, जुन्या चांगल्या हातकरवतीचं पातं असेल तर त्यातून तुकडा कापून झकास स्क्रेपर होतो, कारण स्टील मुळात त्याच जातीचं असतं, म्हणजे कानस लागेल इतकं नरम आणि वाकून परत सरळ होईल इतकं लवचिक. फक्त कापताना ग्राइंडरने तापवू नका, कड निळी पडली की तिथला कडकपणा गेला आणि त्या जागी हूक टिकणार नाही. निळा झालेला भाग कानशीने पूर्ण काढून टाकावा लागतो.

कानस एकेरी दात्यांची घ्या, ज्याला मिल फाइल म्हणतात, ८ किंवा १० इंची. दुहेरी दात्यांची कानस स्टील भराभर काढते पण कडेवर इतके खोल चरे पाडते की ते पुढे स्टोनवर काढताना जीव जातो. मग धार लावायचा एक स्टोन किंवा डायमंड प्लेट, साधारण १००० ग्रिटची (आकडा जितका मोठा तितका स्टोन बारीक), आणि शक्य असेल तर त्याहून बारीक एखादी, ४००० वगैरे. एक वाइस (वस्तू घट्ट पकडायला), एक गुण्या (काटकोन तपासायला), एक काळा परमनंट मार्कर, थोडं मशीन ऑइल. आणि बर्निशर.

बर्निशरवर थोडं जास्त बोलतो कारण इथे फार गोंधळ आहे. बर्निशर म्हणजे गुळगुळीत पॉलिश केलेली सळी, तिचं काम कापायचं नाही, दाबायचं. ती स्क्रेपरपेक्षा चांगलीच कडक पाहिजे. स्क्रेपरचं स्टील कडकपणा मोजायच्या रॉकवेल सी स्केलवर साधारण ५० च्या आसपास असतं, बर्निशर ६० च्या पुढे असावा. स्क्रूड्रायव्हरचा दांडा चालेल का हे सगळेच विचारतात, तर बहुतेक वेळा नाही, वर क्रोमचा चकचकीत थर असतो पण आतलं स्टील तेवढं कडक नसतं. ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा वापरा असा सल्लाही मिळतो, पण चकमध्ये नीट पकडला जावा म्हणून बऱ्याच ड्रिलचा दांडा मुद्दाम नरम ठेवलेला असतो, त्यामुळे ते नशिबावर आहे. कार्बाइडच्या एंडमिलचा (मिलिंग मशीनमधल्या कटरचा) दांडा मात्र एकदम भारी, फक्त खाली पाडू नका, कार्बाइड ठिसूळ असतं, तुकडा पडतो. तुमच्याकडची सळी चालेल की नाही हे तपासायला तिच्या टोकाजवळ कानस हलकेच फिरवा. कानस नुसती घसरली, पकडली नाही, तर सळी कडक आहे. कानशीने ओरखडा काढला तर ती बाजूला ठेवा. आणि अजून एक खूण, वापरताना सळीवर स्क्रेपरच्या कडेची खाच उमटायला लागली तर समजा की सळीच हरतेय, ती कितीही जोरात दाबा, हूक येणार नाही. सळीवर गंज किंवा ओरखडा असेल तर तोही बारीक पॉलिश पेपरने काढून चकचकीत करा, सळीवरचा प्रत्येक ओरखडा स्क्रेपरच्या कोपऱ्यावर छापला जातो.

कानस

स्क्रेपर वाइसमध्ये उभा पकडा, लांब कड वर, वाइसच्या तोंडाबाहेर जेमतेम १० मिमी. जास्त बाहेर ठेवला तर पत्रा थरथरतो, कर्कश आवाज येतो आणि कडेवर लाटा पडतात. वाइसचे जबडे दातेरी असतील तर दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या लावा, नाहीतर ज्या बाजू आपण एवढ्या कष्टाने पॉलिश करणार आहोत त्यांवरच दात उमटतील. मार्करने सगळी कड काळी करा.

आता कानस कडेवर आडवी, दोन्ही हातांनी दोन टोकं धरून, कडेच्या लांबीने पुढे ढकलायची, दाब हलका आणि सारखा. पुढे जाताना दाब, मागे येताना उचलायची. कानस डावी उजवी डुगडुगली की कड गोल होते, आणि हा सगळ्यात कॉमन प्रॉब्लेम आहे. हात सरळ राहत नसेल तर एक लाकडी ठोकळा घ्या, त्यात कानस घट्ट बसेल अशी करवतीने एक खाच मारा, ठोकळ्याच्या सपाट बाजूशी बरोबर काटकोनात, मग ठोकळा स्क्रेपरच्या सपाट अंगाला टेकवून चालवायचा, कानस आपोआप ९० अंशात राहते. ह्या ठोकळ्याला दहा मिनिटं लागतात आणि तो पुढे कायम उपयोगी पडतो, मी तर सांगेन हात बसलेला असला तरी वापरा.

काळा रंग टोकापासून टोकापर्यंत गेला आणि कड एकसारखी चमकायला लागली की थांबा. गुण्या लावून उजेडाकडे धरून बघा, फट दिसते का. लांबीत पण सरळ आहे का बघा, एखाद्या पट्टीला कड टेकवून. मधे अगदी किंचित फुगीर असेल तर चालतं, काही जण मुद्दाम ठेवतात म्हणजे टोकांचे कोने लाकडात रुतत नाहीत, पण मधे खोलगट असेल तर अजिबात चालणार नाही, तो स्क्रेपर फक्त दोन टोकांवर कापेल आणि फळीवर दोन समांतर चरे काढेल.

स्टोन, आधी कड मग अंग

कानशीने कड चौकोनी झाली पण तिच्यावर बारीक चरे आहेत, ते स्टोनवर काढायचे. स्क्रेपर स्टोनवर उभा धरून घासायचा, बरोबर काटकोनात, हे ऐकायला सोपं आहे पण ०.८ मिमीच्या कडेवर पत्रा उभा ठेवणं अवघडच जातं, म्हणून पुन्हा तोच उपाय, स्टोनच्या शेजारी किंवा स्टोनवरच एक चौकोनी लाकडी ठोकळा ठेवा आणि स्क्रेपर त्याला टेकवून ठोकळ्यासकट पुढेमागे चालवा. वॉटरस्टोन, म्हणजे पाणी लावून वापरायचा स्टोन, मऊ असतो, अरुंद कड एकाच जागी चालवली की त्यात खाच पडते, तेव्हा स्क्रेपर थोडा तिरका धरा आणि जागा बदलत रहा, नाहीतर स्टोनची अरुंद बाजू वापरा. डायमंड प्लेट असेल तर ही चिंताच नाही.

कड घासल्यावर दोन्ही अंगांना, म्हणजे सपाट बाजूंना, अगदी बारीक बर उभी राहते. बोट अंगावरून कडेच्या दिशेने बाहेर सरकवलं तर ती लागते. (बोट कडेच्या आडवंच सरकवायचं, कडेच्या लांबीने कधीच नाही, चिरतं.) ही कानशी-स्टोनची बर म्हणजे आपला हूक नाही, ही कचरा बर आहे, तुटक आणि दातेरी. काही जण हिच्यावरच काम करतात, थोडं कापतं देखील, पण पाच मिनिटांत संपतं. ती काढायला स्क्रेपर आता स्टोनवर आडवा, पूर्ण सपाट ठेवा, कडेजवळच्या ५-१० मिमी भागावर बोटांनी दाब द्या आणि घासा. दोन्ही बाजू. नवीन स्क्रेपरला इथे वेळ लागतो कारण अंगावर मिलच्या रेषा, कधी लॅकर, कधी कापताना वळलेला काठ असं सगळं असतं, ते सगळं कडेपाशी जाईपर्यंत घासत रहा. सगळं अंग चकचकीत करायची गरज नाही, फक्त कडेलगतची पट्टी. हे काम नवीन स्क्रेपरला एकदाच नीट करावं लागतं, नंतर प्रत्येक वेळी आठदहा फेऱ्या पुरतात.

मग परत कड उभी धरून दोनचार हलके हात, परत अंग, बारीक स्टोनवर. शेवटी जो कोपरा मिळतो तो बघायचा कसा ते सांगतो. दिव्याखाली कड तुमच्याकडे करून धरा आणि हळूहळू फिरवा. कड आणि अंग जिथे मिळतात तिथे जर पांढरी चमकणारी रेष दिसली, अखंड किंवा तुटक, तर तिथे कोपरा गोल आहे, उजेड त्या गोलाईवरून परततोय. खरा तीक्ष्ण कोपरा उजेड परतवत नाही, तो दिसतच नाही. जिथे ठिपका चमकतो तिथे खाच आहे आणि ती खाच उद्या तुमच्या टेबलटॉपवर ओळीने रेष ओढणार आहे. इथे समाधान झाल्याशिवाय बर्निशर हातात घेऊ नका, हे मी अगदी मनापासून सांगतो.

बर्निशर, पहिला टप्पा

स्क्रेपर बेंचच्या कडेलगत सपाट ठेवा, धार लावायची कड बेंचच्या काठापासून थोडी आत. बर्निशरवर तेलाचा एक थेंब बोटाने पुसून घ्या, तेलाने सळी अडकत नाही, सरकते, आणि कोपरा ओरबाडला जात नाही. आता बर्निशर अंगावर जवळपास सपाट ठेवायचा, फक्त एकदोन अंश कडेकडे झुकलेला, आणि टोकापासून टोकापर्यंत दाब देऊन ओढायचा, पाचसहा वेळा. ह्याने कोपऱ्याजवळचं स्टील दाबलं जाऊन कडेच्या बाहेर किंचित सरकतं, म्हणजे हूक वळवायला आपल्याकडे थोडं जास्तीचं मटेरियल तयार होतं. हा टप्पा बरेच जण गाळतात, हूक येतो तरीही, पण लहान येतो. पलटा आणि दुसऱ्या अंगालाही हेच करा. जास्त झुकवू नका बरं, झुकवलं की कोपराच दबून गोल होतो, मग परत स्टोनवर जा.

हूक वळवणं

स्क्रेपर परत वाइसमध्ये, कड वर. बर्निशरवर परत तेलाचा थेंब. सळी कडेवर आडवी, अंगाशी बरोबर ९० अंशात, आणि एकदोन हात तसेच सरळ मारा, ह्याने मघाशी बाहेर आलेलं स्टील कडेच्या दोन्ही बाजूंना थोडं पसरतं. मग सळी एका बाजूला ५ अंश झुकवा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका सलग हाताने ओढा. ओढताना सळी आपल्या लांबीतही सरकू द्या, म्हणजे मुठीजवळून सुरुवात करून सळीच्या टोकावर संपवायचं, असं केलं की दाब एकसारखा पडतो आणि सळीही एकाच जागी झिजत नाही. दोन हात ५ अंशात, मग दोन हात साधारण ८-१० अंशात, बस झालं. त्यानंतर सळी दुसऱ्या बाजूला झुकवून दुसऱ्या कोपऱ्याचा हूक.

दाब किती हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. कोपरा नीट तयार असेल तर दाब अगदी मध्यम लागतो, हात ताणायला लागत नाहीत, खांदा वापरावा लागत नाही. शरीराचा भार टाकून दाब द्यावा लागत असेल तर दोनच कारणं, कोपरा गोल आहे किंवा सळी नरम आहे, आणि दोन्हीवर जोर हा उपाय नाही. उलट जोरात दाबलं की हूक मोठा होतो, दिसायला भारी दिसतो, पण तो ठिसूळ असतो, लाकडात गेल्यावर तुकड्यातुकड्याने मोडतो आणि जाड कापतो, सरफेस खडबडीत होते. चांगला हूक डोळ्याला जेमतेम दिसतो. बोट अंगावरून बाहेर सरकवलं की नखाला अडकतो, पूर्ण लांबीत सारखा अडकतो, कुठे जास्त कुठे कमी असं नाही.

आणि सळी ओढताना मूठ कुठे आहे त्याकडे लक्ष असू द्या. सळी सटकली तर हात थेट त्या ताज्या कडेवर जातो. स्क्रेपरचे चारही कोने आधीच कानशीने थोडे गोल करून ठेवा, ते बोटालाही लागत नाहीत आणि लाकडातही रुतत नाहीत.

कोनाचा हिशोब असा आहे. जितकी सळी जास्त झुकवाल तितका हूक जास्त आत वळतो, आणि जितका तो आत वळतो तितका स्क्रेपर वापरताना पुढे जास्त झोपवावा लागतो, तरच हूकाचं टोक लाकडाला लागतं. ५ अंशाच्या हूकला स्क्रेपर बऱ्यापैकी उभा धरून चालतं. १५ अंशाचा केला तर इतका झोपवावा लागतो की बोटांची पेरं फळीला घासतात, जोर लावता येत नाही. म्हणून कमीच ठेवा. जास्त वळला असेल तर लगेच कानस घेऊ नका, ज्या बर्निशरला निमुळतं टोक आहे त्याचं टोक हूकाच्या आतल्या खोबणीतून हलकेच ओढत नेलं की हूक थोडा उघडतो.

एका स्क्रेपरला दोन लांब कडा, प्रत्येकीला दोन कोपरे, म्हणजे चार हूक. चारही एकदमच तयार करा. मग एक बोथट झाला की स्क्रेपर फिरवायचा आणि काम चालू. अंगावर मार्करने १, २, ३, ४ लिहून ठेवलं आणि वापरलेल्यावर फुली मारली की कुठला ताजा आहे हे शोधत बसावं लागत नाही.

लाकडावर

दोन्ही हातांनी धरा, अंगठे मागे मधोमध खालच्या बाजूला, बोटं पुढून दोन्ही टोकांना, आणि अंगठ्यांनी किंचित बाक द्या. बाक दिला की कड मधे पुढे येते आणि कोने उचलले जातात. स्क्रेपर आधी सरळ उभा ठेवून पुढे ढकला, काही होणार नाही, मग ढकलता ढकलता हळूहळू पुढे झुकवा, एका कोनात तो अचानक पकडतो, हाताला कळतं आणि आवाजही बदलतो, खरखर जाऊन सुर्रर्र असा सलग आवाज येतो. तोच तुमच्या हूकचा कोन. प्रत्येक वेळी तो थोडा वेगळा निघतो, त्यामुळे अंश मोजत बसू नका, असाच शोधा. रेषेच्या दिशेने चला, स्क्रेपर मात्र थोडा तिरका धरा म्हणजे तो आधीच्या लाटांवर चढत नाही.

साल निघाली पाहिजे. भुसा निघतोय म्हणजे हूक कापत नाही, खरवडतोय. मऊ लाकडाला मात्र हा नियम लावू नका, पाइन किंवा देवदार ह्यांच्यावर स्क्रेपर फारसा खुलत नाही कारण तंतू कापले जाण्याआधी दबतात, तिथे धारदार रंधाच बरा. कडक दाट लाकूड, शिसव, साग, अक्रोड, मेपल, इथे स्क्रेपर खरा चालतो.

एकाच डागावर, एकाच उचकटलेल्या जागेवर घासत बसू नका, तिथे खड्डा होतो, हाताला कळत नाही पण पॉलिश लावल्यावर तिरक्या उजेडात लख्ख दिसतो. आजूबाजूचा भागही सोबत घ्या, बाहेर जाता जाता दाब कमी करत. फळीच्या शेवटाला पोचताना बाक थोडा कमी करा नाहीतर काठ गोल होतो. अंगठे तापतात हे खरं आहे, घर्षणाने पत्रा खरंच चटका बसेल इतका गरम होतो. फ्रिजला चिकटवायचं असतं तसलं लवचिक शीट मॅग्नेट मागच्या बाजूला चिकटवा, चटका बसत नाही आणि काढायला लावायला सोपं. पातळ चामड्याची टोपी अंगठ्याला घातली तरी चालते.

चालत नसेल तर

फळीवर बारीक समांतर रेषा उमटतात: हूकमध्ये खाच आहे, म्हणजे कानशीचे चरे राहिलेत, स्टोनवर परत जा, बर्निशरने ते बुजत नाहीत. पहिल्या मिनिटाला मस्त कापलं आणि मग बंद: हूक मोडला, बहुतेक जास्त दाबामुळे, किंवा कचरा बर नीट काढली नव्हती. कड थरथरते, फळीवर आडव्या लाटा येतात: पत्रा पातळ आहे किंवा बाक कमी आहे, तिरका धरा आणि दिशा बदलून बघा. हूक येतच नाही: वर दोनदा सांगितलंय, गोल कोपरा किंवा नरम सळी, तिसरं कारण अजून तरी बघितलेलं नाही. आणि वाळलेला गोंद काढायला ताजा हूक वापरू नका, गोंद दगडासारखा होतो, हूक लगेच जातो, त्यासाठी एक जुना जाड स्क्रेपर वेगळाच ठेवा.

परत धार

प्रत्येक वेळी कानस लागत नाही, हे फार महत्त्वाचं आहे कारण लोक ह्याच कंटाळ्याने स्क्रेपर सोडून देतात. हूक बोथट झाला की स्क्रेपर बेंचवर सपाट ठेवा, बर्निशर तेल लावून अंगावर सपाट चालवा, वळलेला हूक परत सरळ उभा होतो, मग वाइसमध्ये धरून ५-१० अंशात पुन्हा वळवा. एक मिनिटसुद्धा लागत नाही. असं तीनचार वेळा होतं, नंतर तेच तेच स्टील पुढेमागे वाकून थकतं आणि हूकाचे बारीक कपचे उडायला लागतात, नखाला तुटक लागतं. तेव्हा स्टोनवर जा, कड आणि दोन्ही अंगं थोडी घासा, मग बर्निशर. कानस फक्त तेव्हा, जेव्हा कड गोल झालीय, वाकडी झालीय किंवा खिळ्याला लागून मोठी खाच पडलीय.

गोलाईच्या कामाचे स्क्रेपर, हंसाच्या मानेच्या आकाराचे, त्यांनाही हेच सगळं, फक्त कानस अर्धगोल आणि स्टोनऐवजी लाकडी गोल दांड्यावर गुंडाळलेला पॉलिश पेपर, आणि बर्निशर गोल सळीचाच, चौकोनी किंवा त्रिकोणी आतल्या वळणात जात नाही.

स्टॅनली कंपनीच्या ८० नंबरसारखा दोन मुठींचा कॅबिनेट स्क्रेपर असेल तर त्याचं पातं वेगळं, त्याच्या कडेला ४५ अंशाचा उतार असतो. उतार कानशीने आणि स्टोनवर पटाशीसारखाच लावायचा, मागची सपाट बाजू पॉलिश करायची, आणि मग उतारावर सळी ठेवून सुरुवातीला उताराच्याच कोनात आणि हळूहळू सळी उचलत १५ अंश जास्त इथपर्यंत न्यायची, हूक सपाट बाजूकडे वळतो. पातं बॉडीत वरून नाही, खालून घालायचं, वरून घातलं तर ताजा हूक लोखंडाला घासून जातो. उतार मागच्या बोल्टकडे, हूक पुढे. सपाट लाकडावर बॉडी ठेवून पातं लाकडाला टेकेल इतकंच खाली सोडा, पकडीचे स्क्रू आवळा, मग तोच मागचा मधला बोल्ट थोडा थोडा फिरवून पात्याला बाक द्या, सालीची जाडी त्याच्यावर ठरते. मोठा टेबलटॉप असेल तर ह्यानेच करा, अंगठे वाचतात.

काम झालं की स्क्रेपर पुसून तेलाचा हात फिरवून ठेवा, साधं स्टील असतं, घामाच्या बोटांचे ठसे गंजून उमटतात आणि कडेलगत गंजाचा ठिपका पडला की तिथला हूक गेला. पेटीत मोकळा टाकू नका. एका लाकडी पट्टीत करवतीने दोनतीन खाचा मारा आणि त्यात उभे खोचून ठेवा, कड कशालाच लागत नाही.